वर्कशॉपची चावी कोणाकडे? वागळे इस्टेटमधल्या एका शाळेचं प्रकरण

शाळेचं नाव टाकत नाही, कारण शाळा चालू आहे, माणसं तिथेच नोकरीला आहेत आणि मला कोणाशी भांडण काढायचं नाहीये. ठाण्यात वागळे इस्टेटच्या अंगाला असलेलं मराठी माध्यमाचं अनुदानित हायस्कूल, एवढं पुरे. किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर इकडची मुलं येतात, आईवडिलांपैकी एक तरी इस्टेटमधल्या कुठल्यातरी गाळ्यात कामाला असतोच. मीही त्यातलीच, एका युनिटमध्ये स्टोअर्स सांभाळते, मुलगी तेव्हा नववीत होती आणि पालक शिक्षक संघात कोणीच नाव देत नव्हतं म्हणून माझं नाव लिहिलं गेलं. त्यामुळे हे सगळं जवळून बघायला मिळालं.

प्रकरण थोडक्यात असं. शाळेचं एक जुनं वर्कशॉप कित्येक वर्षं कुलुपात होतं, ते कायमचं मोडीत काढायचं ठरलं, त्यासाठी सामान मोजायला घेतलं आणि मोजता मोजता ते चालूच झालं, मग एका मुलाचा हात कापला म्हणून बंद झालं, मग परत चालू झालं. ज्यांना ज्यांना सांगते ते विचारतात, मुलांना आवड होती का, सरकारने पैसे दिले का, शिकवणारा कोण होता. प्रश्न बरोबर आहेत पण माझ्या मते दुय्यम आहेत. शाळेत हाताचं काम टिकतं की नाही हे दोन रुक्ष गोष्टींवर ठरतं, टाइमटेबलमध्ये सलग दोन तास मिळतात का आणि झिजणाऱ्या वस्तूचा हिशोब कोण कसा ठेवतं. मी स्टोअर्सवाली आहे म्हणून मला असं दिसतं असं कोणी म्हणेल तर म्हणू दे, पण पुढचं वाचा आणि मग सांगा.

खोली आणि डेडस्टॉक

एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ साली सुरू झाली ती वागळे इस्टेटपासूनच, त्यामुळे इथे कारखाने आणि शाळा बरोबरीने वाढल्या. आजूबाजूला फिटर, टर्नर, वेल्डर लागायचे आणि आठवी-नववीच्या पोराला कानस (लोखंड, पत्रा घासायचं हत्यार) धरता आली पाहिजे हे तेव्हा कोणाला समजावून सांगावं लागत नसणार. तळमजल्यावर सायकल स्टँडच्या मागे लांबट खोली, आत दोन जाड लाकडी बेंच, त्यांना वस्तू घट्ट पकडायचे वाईस ठोकलेले, कोपऱ्यात एक पिलर ड्रिल ज्याचं थ्री फेज कनेक्शन कधीच तोडलेलं, आणि भिंतीवर टूलबोर्ड, त्यावर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात आकृती रंगवलेली म्हणजे जागा रिकामी असली की लांबूनच कळावं काय गेलंय ते. आमच्या कंपनीत याला शॅडो बोर्ड म्हणतात आणि ऑडिटवाले आले की त्याचे फोटो काढतात. इथे तो धुळीखाली जसाच्या तसा होता, गुण्या, हॅकसॉ, रंधा, पटाशी, सगळं आपापल्या जागी.

वर्कशॉपचे सर रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि चार्ज मुख्याध्यापकांकडे गेला. इथे खरी गोम आहे. शाळेत वस्तू आली की ती जडसंग्रह नोंदवहीत चढते, सगळे डेडस्टॉकच म्हणतात. ज्याच्याकडे चार्ज त्याची सही, आणि एखादी वस्तू कमी निघाली तर उत्तर त्याने द्यायचं. वस्तू मोडली, गंजली तरी आपल्या मनाने फेकता येत नाही, निर्लेखनाचा, म्हणजे वहीतून नोंद काढून टाकायचा प्रस्ताव करायचा, मंजुरी घ्यायची, मग भंगारात. आता विचार करा, तुम्ही मराठी शिकवणारे मुख्याध्यापक आहात, तुमच्या नावावर अचानक तीन पानं भरून कानशी, छिन्न्या, पक्कड असं काहीबाही आलंय ज्यातलं अर्धं तुम्हाला ओळखूही येत नाही. तुम्ही काय कराल? कुलूप लावाल आणि चावी कपाटात ठेवाल. मी पण तेच केलं असतं. त्यात आळस बिळस काही नाही, सरळ हिशोब आहे, खोली उघडली तर काहीतरी हरवणार आणि बंद राहिली तर काहीच हरवणार नाही.

मग संस्थेने ठरवलं की खोली रिकामी करून डिजिटल क्लासरूम करायची. त्यासाठी आधी निर्लेखन, त्यासाठी आधी मोजदाद. मोठ्या बाई (मुख्याध्यापिकांना सगळे हेच म्हणतात) नवीन आल्या होत्या, त्यांनी पीटीएच्या मीटिंगमध्ये विचारलं कोणाला स्टॉक टेकिंग येतं का, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मोजायला मी, शाळेचे शिपाई मामा, सामान उचलायला नववीतली थोडी मुलं, आणि त्यातल्या एका मुलाचे आजोबा. आजोबांनी उभं आयुष्य इस्टेटमध्ये पत्र्याचं काम केलेलं, नातवाला सोडायला आले आणि उघडं दार बघून आत शिरले ते शिरलेच. नोंदवहीत कानशींच्या ओळीपुढे सगळ्या शिल्लक. प्रत्यक्षात पण सगळ्या होत्या, एकही कमी नाही, पण आजोबांनी एकेकीवरून अंगठा फिरवला आणि एकेक बाजूला टाकत गेले, "ही गेली, ही पण गेली, हिच्याने आता लोणी पण कापायचं नाही." बहुतेक सगळ्या गुळगुळीत. म्हणजे कोणे एके काळी भरपूर वापरलेल्या, आणि नंतर फेकता येत नाहीत म्हणून जपून ठेवलेल्या.

आमच्या स्टोअर्समध्ये कानस, ड्रिल बिट, हॅकसॉ ब्लेड, पॉलिश पेपर हे सगळं कन्झ्युमेबलमध्ये जातं. इश्यू केलं, वापरलं, झिजलं, जुनं परत आणून दाखवलं की नवीन मिळतं, विषय संपला. कानस झिजली तर उलट बरं, काम झालं असा त्याचा अर्थ. पण शाळेच्या वहीत ती बाक आणि फळ्याच्या पंगतीला बसवलेली, आणि नवीन कानस आणायला वेगळे पैसे कुठल्याच खात्यात नाहीत, वेतनेतर अनुदान (पगार सोडून बाकी खर्चाचे सरकारी पैसे) येईल तेव्हा येतं आणि आलं की लाइटबिल, खडू, झाडू यातच जातं. म्हणजे सर असते तरी हे वर्कशॉप हळूहळू बंदच पडणार होतं असं माझं स्पष्ट मत झालं.

याला पुरावा शाळेतच होता. त्याच शाळेत मुलींचा शिवणाचा वर्ग एवढी वर्षं एकदाही बंद पडला नव्हता. का? कापड, सुया, दोरा, बटणं मुली घरून आणायच्या. कन्झ्युमेबल पालकांच्या खिशातून, शाळेकडे फक्त मशिनी, आणि पायाने चालणारं शिलाई मशीन सहसा मरत नाही. शिवणाच्या बाई हुशार आहेत हे खरंच, पण बाई कितीही हुशार असत्या आणि दोऱ्याचे पैसे शाळेने द्यायचे असते तर तीही खोली कुलुपात गेली असती.

जाता जाता एक सांगते. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब निघाल्या, सहावी ते बारावीसाठी, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर वगैरे. लोक त्या मशिनींचं कौतुक करतात, मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की २० लाखांच्या अनुदानात १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढची काही वर्षं चालवायला असे वेगळे धरलेत. कोणीतरी स्टोअर्समधला माणूस होता वाटतं त्या कमिटीत.

नरसाळं आणि अंब्रेला

मोजदाद लवकर आटपायची होती ती लांबली, कारण मुलं प्रत्येक वस्तू उचलून विचारायची आणि आजोबा प्रत्येक वस्तू चालवून दाखवायचे. मोठ्या बाईंनी एकदा दारात उभं राहून बघितलं आणि मला म्हणाल्या, यादी पूर्ण करायची घाई करू नका. तेवढ्यावरून मी समजले.

त्यांनी काय केलं तर शनिवारच्या सकाळच्या शाळेत नववीच्या शेवटच्या दोन तासिका जोडल्या. एक पीटीची, एक श्रेणी विषयाची. आठवीपर्यंत कला आणि कार्यानुभव निदान टाइमटेबलवर तरी असतात, नववीला ते स्व-विकास व कलारसास्वाद या विषयात जातात, त्याला मार्क नाहीत, श्रेणी आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्या तासाला काय होतं हे सगळ्यांना माहितीये, गणिताचे सर आत येतात. पस्तीस मिनिटांचा एक तास हाताच्या कामाला निरुपयोगी आहे हो. हत्यारं काढायला दहा मिनिटं, आवरायला दहा, मधल्या पंधरा मिनिटांत पोरगं वाईसमध्ये जॉब, म्हणजे करायची वस्तू, सरळ पकडायलाच शिकतं आणि बेल होते.

सुरुवात पत्र्याने केली कारण लाकूड महाग आणि पत्रा फुकट मिळत होता. एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका गाळ्यातून २६ गेजच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचे तुकडे आले, त्यांच्याकडे ते किलोवर भंगारात जातात. मालक लगेच हो म्हणाले पण गेटपासशिवाय बाहेर काढू देईनात, बरोबरच आहे त्यांचं, मग मी शाळेच्या लेटरहेडवर रीतसर मागणीपत्र करून दिलं.

पहिला जॉब नरसाळं. आजोबांनी मुलांना सांगितलं, तोंड १४ सेंटिमीटर व्यासाचं पाहिजे आणि तिरकी बाजू पण १४ ची, सपाट पत्र्यावर काय आकार काढाल ते सांगा. कोणी त्रिकोण काढला, कोणी पूर्ण गोल, एकाने चौकोन काढून गुंडाळून बघितला. आजोबांनी राउंडर बाजूला ठेवायला लावला, एक खिळा, एक सुतळी, आणि पत्र्यावर १४ त्रिज्येचं अर्धवर्तुळ ओरखडलं. मग माझ्या मुलीला म्हणाले, हिशोब कर. तोंडाचा परीघ २२ भागिले ७ गुणिले १४, म्हणजे ४४. अर्धवर्तुळाचा कंस, २२ भागिले ७ गुणिले १४, परत ४४. म्हणजे हा कंस गोल वळवला की बरोबर ते तोंड. मग मध्यापाशी ३ त्रिज्येचं छोटं अर्धवर्तुळ कापून टाकलं की खाली ३ सेंटिमीटरचं भोक, तिथे नळी बसते. कागदावर कापून सगळ्यांनी वळवून बघितलं. दहावीच्या गणितात महत्त्वमापनात शंकू आणि शंकुछेद येतात, शंकूच्या वक्रपृष्ठाचं πrl पाठ करतात पोरं, ते एल म्हणजे नक्की कुठली बाजू हे इथे नववीतच हातात आलं.

शिवणाच्या बाई तेव्हा त्यांच्या मशिनींचे नंबर जुळवायला माझ्याकडे आल्या होत्या. बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो हा तर हाफ अंब्रेला!" म्हणजे अर्ध्या गोलातून कापलेला घेरदार स्कर्ट. त्यांनी खडू घेऊन बेंचवरच काढून दाखवलं. कंबर ६६ सेंटिमीटर असेल तर फुल अंब्रेला घेराला कंबरेची त्रिज्या साडेदहा, हाफ अंब्रेलाला २१, कापडाची घडी घालून तेवढा कंस मारायचा आणि तिथून खाली उंची मोजायची. आजोबांचं नरसाळं आणि बाईंचा स्कर्ट, आकृती एकच, एक पत्र्यात, एक कापडात. आजोबा खूश झाले आणि थोडे खट्टू पण, त्यांना वाटायचं हे फक्त त्यांच्याच धंद्यात आहे.

पुढच्या शनिवारपासून मुलींचा शिवण आणि मुलांचं वर्कशॉप ही फाळणी संपली. कोणी समतेवर भाषण केलं नाही, दोन्हीकडे एकच आकृती काढायची होती म्हणून एकत्र बसले इतकंच. पहिल्या खेपेला मुलांची नरसाळी एकजात बारीक तोंडाची झाली, कारण सांध्यासाठी एका कडेला सेंटीमीटरभर पत्रा जास्त सोडायचा असतो, एकावर एक चढवून रिवेट मारायला, ते विसरले. मुली विसरल्या नाहीत. शिलाईची मार्जिन सोडून कापायचं हे त्यांच्या हातात आधीच बसलेलं होतं. उलट लाकडी मोगरीने पत्रा एकसारखा ठोकून गोल आणायला मुलींना वेळ लागला, त्या फार हळू मारायच्या, पत्र्याला लागेल म्हणून. कोण कशात कच्चा हे मुलगा की मुलगी यावर नाही, आधी काय केलंय यावर, हे मला वाटतं कुठल्याही पोस्टरपेक्षा त्या खोलीत चांगलं दिसलं.

हात कापला

एका आठवड्यात शनिवारी सुट्टी आली. मुलांनी हट्ट धरला म्हणून मधल्याच दिवशी एक सुटी तासिका दिली. जॉब होता सुपडी, केर भरायची. सुपडीची पुढची कड सोडली तर बाकीचे काठ दुमडायचे असतात, हेम मारतात, नाहीतर पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. बेल झाली, एका मुलाचा हेम राहिला, त्याने सुपडी तशीच दप्तरात टाकली घरी दाखवायला. पुढच्या तासाला वही काढायला आत हात घातला आणि तळव्याच्या खाली चांगला खोल कापला. शिपाई मामा आणि चित्रकलेचे सर रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेले, टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. संध्याकाळी संस्थेचा फोन, वर्कशॉप बंद, चावी ऑफिसला जमा करा.

नंतरच्या मीटिंगला मुलाचे वडील आले. आरडाओरडा होईल असं वाटलेलं, झाला नाही. ते स्वतः इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवर, पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होते. त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला, दोन बोटांची पेरं नाहीत. म्हणाले, "टाके पडले त्याचं काय नाय ओ मॅडम, पोरं पडतात झडतात. पण मी त्याला शाळेत घातलाय ते त्याला पत्रा मारायला लागू नये म्हणून. तुम्ही इथेच शिकवायला लागलात."

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि अजून पूर्ण नाहीये. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली, कोठारी आयोगाने (१९६४ ते ६६) कार्यानुभव सुचवला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटलं, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शाळा आणि २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख, असं सांगितलं. सगळ्यांचा सूर हाच की हाताच्या कामाला प्रतिष्ठा मिळाली पाहिजे. पण ज्याच्या घरात हाताचं काम आहे आणि त्या कामाने बोटं घेतलीत, त्याला प्रतिष्ठा शाळेने शिकवायची? घोडबंदरच्या टॉवरमधल्या मुलाने हौस म्हणून सुतारकाम करणं वेगळं, त्याच्या मागे इंजिनीअर बाप आहे. आमच्या मुलांना ती हौस परवडते का हा प्रश्न त्या माणसाने विचारला होता, आणि तो कुठल्याही आयोगापेक्षा अवघड आहे. मीटिंगमध्ये एकजण म्हणाले की नाहीतरी ही मुलं आयटीआयलाच जाणार. ते ऐकून त्या वडिलांचा चेहरा जसा झाला तो बघून मला त्या माणसाला बाहेर काढावंसं वाटलं.

मोठ्या बाईंनी वाद घातला नाही. त्या त्यांना म्हणाल्या, तुम्ही एकदा खोली बघा आणि काय धोक्याचं आहे ते सांगा, मग ठरवू. ते आले आणि खरंच नीट बघितलं. म्हणाले, कट झालेला कुठलाही पत्रा कानशीने कड मारल्याशिवाय मुलाच्या हातात द्यायचा नाही. अर्धवट जॉब खोलीबाहेर न्यायचा नाही, नाव लिहून रॅकवर. पत्रा उचलताना हातमोजे, पण ड्रिलवर हातमोजे अजिबात नाहीत, बिटाने मोजा धरला की मोज्याबरोबर हात जातो. ड्रिलचं कनेक्शन तोडलेलंच होतं, तरी त्यांनी बजावलं, पुढेमागे जोडाल तेव्हा लक्षात ठेवा. संस्थेचे एक सदस्य लगेच म्हणाले की म्हणूनच मुली नकोत, ओढण्या अडकतात. त्यावर मुलाचे वडील म्हणाले, ओढणी बांधता येते, आधी पोरांच्या गळ्यातल्या आयकार्डच्या नाड्या काढा. सगळी पोरं गळ्यात नाडी लटकवून वाईसवर वाकायची, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

वर्कशॉप परत उघडलं, फक्त जोड तासिकेलाच, सुट्या तासाला चावी मिळणार नाही या अटीवर. त्या वडिलांनी मात्र मुलाला कामाला परवानगी दिली नाही, लेखी कळवलं. तो मुलगा शनिवारी यायचा आणि इश्यू रजिस्टर लिहायचा, कोणाला काय दिलं, परत आलं का, झिजलं का. अक्षर सुंदर. मला वाटलं होतं काही दिवसांनी वडील विरघळतील, तसं काही झालं नाही, वर्षभर तो रजिस्टरच लिहीत होता.

सात मार्क

चित्रकलेच्या सरांचा विरोध वेगळा होता आणि तो मला आधी कळलाच नाही. शनिवारच्या त्याच वेळात ते ग्रेड परीक्षेची पोरं बसवायचे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, पावसाळा संपता संपता होतात, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला ए ग्रेड आला तर दहावीला ७ मार्क जास्तीचे, बी ला ५, सी ला ३. पूर्वी याहून बरेच जास्त होते. सर सरळ म्हणाले, माझ्या विषयाला या शाळेत किंमत आहे ती या सात मार्कांमुळे, ते काढले तर माझी खोली पण कुलुपात जाईल. चूक नव्हते ते. पण त्या सात मार्कांनी त्यांच्या वर्गाचं काय केलं होतं तेही दिसत होतं. स्मरणचित्राला ठरलेला भाजीबाजार, ठरलेली पंढरीची वारी, डाव्या कोपऱ्यात ठरलेलं झाड. पोरं चित्र काढत नव्हती, चित्र पाठ करत होती. सरांनाच त्याचा कंटाळा आलेला, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेला माणूस तो.

मार्क असले की विषय पाठांतर होतो आणि नसले की गायब होतो, याच्या मधली जागा कुठे मिळेल? थोडीशी मिळाली ती भूमितीच्या पेपरमुळे. ज्यात पोरं पडायची ते पंचकोन, लंबवर्तुळ, स्पर्शिका हे सगळं आजोबा पत्र्यावर आखतच होते. सरांनी भूमितीची तयारी वर्कशॉपमध्ये हलवली, आधी पत्र्यावर आखायचं, कापायचं, मग तेच ड्रॉइंग पेपरवर शाईने. पत्र्यावर एक मिलिमीटर चुकला की जॉब बसत नाही, कागदावर चुकलं तर रंगात लपवता येतं, त्यामुळे पोरांच्या रेघा सुधारल्या असं सर म्हणतात. ग्रेड किती वाढले हे मी सांगणार नाही, एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही. अक्षरलेखनाचा उपयोग वेगळाच निघाला, रॅकवरच्या पाट्या, सूचना, हत्यारांची नावं, सगळं पोरांनी रंगवलं. स्मरणचित्र मात्र तसंच राहिलं, डाव्या कोपऱ्यातलं झाड अजून आहे.

पैशाचं शेवटी असं बसवलं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, त्यांच्या पद्धतीत मुलं शिकता शिकता गावाला लागणारी खरी कामं करतात आणि त्याचे पैसे घेतात. आम्ही त्याचं अगदी छोटं रूप केलं. सुपड्या शाळेने स्वतः विकत घेतल्या, झाडू खात्यातून, नाहीतरी बाजारातून आणतच होते. नरसाळी रॉकेलची नाही उरली कोणाला, पण दुचाकीच्या ऑइलसाठी बाहेरच्या गॅरेजवाल्यांनी घेतली. त्या पैशातून ब्लेड, रिवेट, हातमोजे आणि नवीन कानशी. त्यांना पीटीएच्या नावाने वेगळं कन्झ्युमेबल रजिस्टर, डेडस्टॉकला हातच लावायचा नाही. जुन्या गुळगुळीत कानशींचा निर्लेखनाचा प्रस्ताव मोठ्या बाईंनी पाठवला, खोलीचा नाही. संस्थेला आधी कळलंच नाही की यादी एवढी छोटी का आहे.

दहावीची मुलं दिवाळीनंतर आली नाहीत. पूर्वपरीक्षा, सराव पेपर, क्लास, अपेक्षितच होतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली नववीपासून व्यवसाय विषय रीतसर घेता येतो, मल्टी स्किल वगैरे, त्याला बोर्डाचे मार्क आहेत आणि शिकवायला एजन्सीमार्फत कंत्राटी माणूस मिळतो. शाळेने त्यासाठी अर्ज केलाय. मिळाला तर चांगलंच, पण मी मोठ्या बाईंना म्हटलं, अर्जात जोड तासिका आणि आवर्ती खर्चाबद्दल आधी विचारून घ्या, माणूस नंतर.

आता जूनमध्ये शिवणाच्या बाई रिटायर होतायत. आजोबांना आदरापलीकडे शाळा काही देऊ शकत नाही, त्यांचे गुडघे दुखतात आणि नातू दहावीत गेला की ते किती येतील माहीत नाही. चार्ज घ्यायला चित्रकलेचे सर तयार आहेत, पण त्यांची अट आहे की कन्झ्युमेबल रजिस्टर संस्थेने लेखी मान्य करावं, म्हणजे उद्या ब्लेड तुटलं तर त्यांच्या पगारातून जाणार नाही. त्याचं पत्र मी ड्राफ्ट करून दिलंय, इश्यूचा नमुना जोडलाय, आमच्या कंपनीत वापरतो तोच. संस्थेची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे आणि डिजिटल क्लासरूमचा विषय अजेंड्यावर परत आलाय.